अकरावा अवतार

शिर्डीत राहणाऱ्या माणसाने आवाजाबद्दल तक्रार करू नये, असा आमच्या गावचा अलिखित नियम आहे. पहाटे काकड आरती, दुपारी मध्यान्ह आरती, दिवस मावळताना धूपारती आणि रात्री शेजारती, असा आमचा दिवस चार आरत्यांनी मोजलेला असतो; भिंतीवरचे घड्याळ केवळ आपण बँकेत किती उशिरा पोचलो ते कळावे म्हणून. मधल्या फटीत ‘रूम पाहिजे का, रूम?’ असे विचारत गाड्यांमागे धावणारी पोरे, रिक्षावाले, हारवाले, पेढेवाले. रामनवमीला मुंबईहून पायी येणाऱ्या पालख्या आपापले ढोल आणि बेंजो बरोबर घेऊनच येतात. एवढ्यातूनही एखादा कान शाबूत राहिला असेल तर त्याची सोय म्हणून २०१७ साली जवळच काकडीला विमानतळही झाला.

अशा गावात मी वीस-बावीस वर्षे एका बँकेत कारकून आहे. संगीताच्या टीकाकाराला लागणारी दुसरी पात्रताही मला या नोकरीनेच दिली. इतर गावच्या बँकांत नोटा येतात, आमच्या गावच्या बँकांत नाणी येतात. पोत्याने येतात. २०२३ साली तर संस्थानात जमलेली नाणी ठेवायला बँकांत जागाच उरली नाही, हे वृत्त पार देशभरच्या पेपरांत छापून आले होते. नाणी मोजण्याचे यंत्र सुरू झाले की मॅनेजरसाहेब काय बोलतात ते ऐकू येत नाही, आणि नाही ऐकू आले तरी काम अडत नाही, हे आम्ही सगळे शिकलो. तेव्हा ‘मेटल’ म्हणजे धातू आणि धातूचा आवाज म्हणजे काय, हे शिर्डीच्या बँकेतल्या कारकुनाला कुणी येऊन शिकवावे, अशी परिस्थिती नव्हती. तरीही शिकवले. आमच्याच घरात, आमच्याच चिरंजिवांनी.

चिरंजिवांचे नाव ओंकार. एस. वाय. बी. कॉम. ओंकार हे नाव ठेवताना याच्या कंठातून काय काय बाहेर पडेल याबद्दल आमच्या काही अपेक्षा होत्या. गेल्या वर्षापासून केस खांद्यावर, अंगात काळा बनियनवजा शर्ट, आणि त्या शर्टावर बाभळीच्या काट्यांची मोळी कुणीतरी उधळून टाकावी तसे काहीतरी छापलेले. ते एका वाद्यवृंदाचे नाव आहे, असे मला सांगण्यात आले. मी चष्मा लावून, शर्ट उजेडाकडे धरून, शेवटी उलटा करूनही पाहिला. आयुष्यभर लोकांच्या सह्या ताडून पाहिलेला माणूस मी, पण हे अक्षर मला लागले नाही.

‘‘काय हा अवतार!’’ मी रोज म्हणायचो.

एका एकादशीला त्याने मला उत्तर दिले. ‘‘पप्पा, अवतारच ऐकतोय मी. दशावतार.’’

(इथे खुलासा केला पाहिजे. शिर्डीत ‘बाबा’ हा शब्द फार आधीच दिला गेलेला असल्यामुळे आम्हा बाकीच्या बापांना ‘पप्पा’वर भागवावे लागते.)

दशावतार म्हटल्यावर आमच्या मातोश्री माळ थांबवून सरसावून बसल्या. पोरगा मार्गाला लागला, असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव. ‘‘आरं मंग कानात कशाला घालून बसलास? लाव की मोठ्यानं. आमाला बी ऐकू दे.’’ आजीची आज्ञा. चिरंजिवांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा दाराकडे पाहिले, आणि लावले.

पुढच्या पाच मिनिटांत आमच्या घरात जे झाले त्याचे वर्णन मी क्रमाने करतो. आधी वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा खाली आला. मग शेजारचे लॉजवाले ‘‘काय बोअर मारताय का?’’ म्हणून विचारायला आले. स्वयंपाकघरातून सौ. पळी घेऊनच बाहेर आल्या. आणि मी, कारकून माणूस, सवयीने बटण शोधू लागलो. फक्त मातोश्री जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे त्यांनी विचारले, ‘‘ह्यो कोनता अवतार रं?’’

‘‘नरसिंह, आजी.’’

‘‘मंग बरोबर हाय,’’ त्या म्हणाल्या आणि माळ पुढे चालू केली. ‘‘खांब फोडून आला तवा काय अंगाई म्हनत आला व्हता का?’’

मला त्या क्षणी वाटले, या विषयावर आजवर जे काही समीक्षण झाले असेल ते सगळे या एका वाक्यात आले. पण ते मातोश्रींचे. मला माझे वेगळे करणे भाग आहे.

तर आधी हिशेब. ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ नावाच्या मुंबईच्या वाद्यवृंदाची, साल २०१७. दहा अवतारांची दहा गाणी: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. शब्द इंग्रजी, कथा आपल्या आजीच्या. हा वाद्यवृंद साहिल मखिजा नावाच्या मुंबईच्या मुलाने २००० साली काढला आणि त्याच साली पहिली ध्वनिमुद्रिकाही काढली. तिचे नाव ‘डीमनस्टीलर’, म्हणजे राक्षसचोर. हेच नाव त्याने पुढे स्वतःला घेतले आणि आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीलाही दिले. राक्षसाचे काय चोरणार, त्याच्याकडे मौल्यवान असे काय असते, असा प्रश्न मला पडला. पण आम्ही ज्यांना कर्ज देतो त्यांच्याकडे तरी काय असते?

मी चिरंजिवांना म्हटले, ‘‘ती पहिली कशी आहे?’’

‘‘प्रॉडक्शन जरा रॉ आहे पप्पा.’’

‘‘म्हणजे वाईट?’’

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी ठेवपावतीला चेकबुक मागितले. ‘‘पहिल्या अल्बमचं रॉ असणं म्हणजे कौतुक असतं. पैसे नाहीत, स्टुडिओ नाही, कुणी विचारत नाही, तरी केला. ते ऐकू येतं त्यात.’’

हे वाक्य मी त्या वेळी नुसते ऐकून सोडले. पुढे ते माझ्यावरच शेकणार होते.

आता या प्रकारच्या संगीताचे कुळ-गोत्र. सगळ्याला आम्ही ‘तो गोंगाट’ म्हणतो, पण त्यात पोटजाती आमच्यापेक्षा जास्त आहेत आणि बेटीव्यवहार आमच्यापेक्षा कडक. चिरंजिवांची पोटजात म्हणजे ‘मेलॉडिक डेथ मेटल’. सुरेल मरणाचा धातू. मुंबईच्या या मंडळींना काटेकोरपणे त्याच जातीत बसवायचे की नाही यावर वाद आहे, पण सोयरीक होऊ शकते एवढे जवळचे. मूळ घराणे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग नावाच्या बंदराच्या गावचे. तिथे १९९०च्या सुमारास काही पोरांच्या लक्षात आले, की गाणारा राक्षसासारखा गुरगुरला तरी गिटारने सुरात गायला हरकत नसावी. ‘अ‍ॅट द गेट्स’ची पहिली ध्वनिमुद्रिका १९९२ साली आली, ‘डार्क ट्रँक्विलिटी’ची १९९३ साली आणि ‘इन फ्लेम्स’ची ‘लूनार स्ट्रेन’ १९९४ साली.

यातली एक हकीकत माझ्यासारख्या नोकरदाराला एकदम पटली. ‘डार्क ट्रँक्विलिटी’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गायला अँडर्स फ्रिडेन, मिकाएल स्टाने तेव्हा मागे गिटार वाजवीत होता. पुढच्या वर्षी ‘इन फ्लेम्स’ने ध्वनिमुद्रिका करायला घेतली तेव्हा त्यांच्याकडे गायकच नव्हता, म्हणून स्टाने तिकडे जाऊन गाऊन आला. आणि १९९५ साली फ्रिडेन ‘इन फ्लेम्स’चा कायमचा गायक झाला, तर स्टाने इकडे ‘डार्क ट्रँक्विलिटी’त गिटार ठेवून गाऊ लागला. बँकेच्या भाषेत याला आपसी बदली म्हणतात. अर्ज दोघांचे, शाखा दोन, वरिष्ठांची हरकत नाही. मी स्वतः सात वर्षे आपसी बदलीसाठी एखादा राक्षस शोधत होतो, मिळाला नाही.

त्याच ‘लूनार स्ट्रेन’मध्ये एक शब्दांवाचूनची धून आहे, ‘होर्गालोतेन’. ती स्वीडनची जुनी लोकधून. होर्गा गावात एका रात्री एक अनोळखी फिडलवाला येतो आणि असे वाजवतो की सगळे गाव नाचू लागते. नाचत नाचत डोंगरावर जाते आणि हाडे उरेपर्यंत नाचत राहते. फिडलवाला म्हणजे अर्थात सैतान. ही गोष्ट मी मातोश्रींना सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘आपल्याकडं बी वेताळाची पालखी निघती रातच्याला. बघायचं नसतं.’’ म्हणजे राक्षस आणि वाद्य यांची जोडी चिरंजिवांनी जमवलेली नाही. ती आधीचीच आहे. स्वीडनच्या आजीलाही ठाऊक होती आणि राहाता तालुक्यातल्या आजीलाही.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे येऊ. सुरुवातीला मला यात एकच आवाज ऐकू येत होता, तोही खडी फोडण्याचा. चिरंजिवांनी मग मला ऐकायला शिकवले. ‘‘आधी गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नका पप्पा. तो तबलजी आहे असं समजा.’’ हा सल्ला लाखमोलाचा निघाला. गुरगुरणारा आवाज एकदा ठेक्याच्या खात्यात जमा केला, की मागची बाकी दिसू लागते. दोन गिटारी बरोबरीने चालतात, एक षड्जावर असली तर दुसरी गंधारावर, अशी तिसऱ्या स्वराची जोडी धरून. मी एकेकाळी पेटी वाजवलेला माणूस. सा आणि ग एकदम दाबल्यावर काय होते ते माझ्या बोटांना अजून आठवते. आणि स्वर कुठले? बहुतेक वेळ गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे आपला आसावरी थाट. त्यात रिषभही कोमल केला की त्यांचा ‘फ्रिजियन’ आणि आपली भैरवी. मेटलवाल्यांना हा फ्रिजियन भारी प्रिय. आपण मैफल संपवायला भैरवी घेतो. हे लोक भैरवीनेच सुरुवात करतात आणि शेवट करायचा कसा हे माहीत नसल्यामुळे वाजवतच राहतात.

ढोलांचा प्रकार तर आमच्या कॅश कौंटरचाच. दोन पायांनी दोन पायटे दाबून पायातला मोठा ढोल बडवायचा, असा की ठोके मोजता येऊ नयेत. याची ‘डबल बेस’ अशी ख्याती आहे. मला ते पहिल्यांदा ऐकताना पाच रुपयांची नाणी यंत्रातून पडत असल्याचा भास झाला आणि हात आपोआप पोते धरायला पुढे गेला.

गुरगुरण्यालाही शास्त्र आहे, हे मला ठाऊक नव्हते. आपल्या गळ्यात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. पोटातून श्वासाचा दाब देऊन ही खोटी जोडी थरथरवली की राक्षस बोलू लागतो. नीट शिकून केले तर घसा बसत नाही. नुसते ओरडले तर दुसऱ्या दिवशी बसतो. चिरंजीव न्हाणीघरात नळ सोडून याचा रियाज करीत असत, हे मला तेव्हा कळले. आम्ही सहा महिने त्याला कफाचे औषध देत होतो.

‘दशावतार’चे माझे परीक्षण असे. नरसिंह उत्तम, तो निकाल वरिष्ठ न्यायालयाने दिलेलाच आहे. वराह, परशुराम आणि कल्की यांनाही हा आवाज शोभतो. दाढेवर पृथ्वी उचलायची, एकवीस वेळा परशू चालवायचा, जगाचा शेवट करायचा, ही कामे मऊ आवाजात होत नाहीत. मधूनमधून सतार-तबल्यासारखी आपली वाद्ये येतात तेव्हा परक्या लग्नात ओळखीचा पाहुणा दिसावा तसे बरे वाटते. गुरगुरता गुरगुरता तोच गायक मध्येच स्वच्छ, लांब, मोकळ्या आवाजात गाऊ लागतो, तेव्हा तर मी चक्क मान हलवली. चिरंजिवांनी ते पाहिले आणि काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

तक्रारी तीन. पहिली वामनाची. बटू येतो, तीन पावले जमीन मागतो, हळू आवाजात मागतो; म्हणून तर बळी फसतो. इथे बटूपेक्षा त्रिविक्रमच जास्त ऐकू येतो. एवढ्या आवाजात कुणी आमच्या बँकेत तीन पावलांचे कर्ज मागितले असते तर आम्ही जामीनदार मागितले असते. दुसरी तक्रार, रामालाही गुरगुरावे लागावे हे मनाला पटत नाही. तिसरी मातोश्रींची. आमच्या जुन्या चित्रांत नववा अवतार म्हणून विटेवर विठोबा उभा असे. ‘‘ह्यात इटोबा न्हाई?’’ त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मंग त्याचं येगळं करतील.’’ मुंबईच्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

आणखी एक सांगतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या साडूंच्या गावी जत्रेला दशावतारी नाटक होते. रात्रभर चालते, संवाद लिहिलेले नसतात, पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्यावर सगळा खेळ. त्यात वेद चोरणारा संकासुर येतो, काळाकुट्ट, लांब जीभ बाहेर काढलेला. पोरे आईच्या पदरात शिरतात. आणि हाच संकासुर पुढे मालवणीत भटजीची अशी काही फिरकी घेतो की पदरातली पोरे बाहेर येऊन हसायला लागतात. कोकणच्या दशावताराला कळले आहे की राक्षसाला विनोद जमतो. मेटलमध्ये हे नाही, असे मी छातीठोकपणे लिहिणार होतो. तेवढ्यात सौ.नी माझा मुद्दा खोडला.

झाले असे. सौ.ना गेल्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरांनी भात, बटाटा, पेढा सगळे बंद केले. शिर्डीत पेढा बंद म्हणजे काय शिक्षा आहे ते पाहा. तेव्हापासून त्या मोबाइलवर ‘किटो’ नावाच्या पथ्याचा स्वयंपाक पाहतात. कणीक नाही, साखर नाही, तांदळाऐवजी फ्लॉवर किसायचा. शिकवणारा एक दाढीवाला, हसतमुख माणूस. ‘‘किती सज्जन आहे हो बोलायला,’’ असे सौ. माझ्याकडे पाहून म्हणायच्या, त्यातला गर्भितार्थ मी सोडून देत असे. त्या दिवशी चिरंजिवांनी मला त्या राक्षसचोराचा फोटो दाखवला आणि सौ. खांद्यावरून डोकावून किंचाळल्या, ‘‘अगं बाई! हे तर आपले फ्लॉवरवाले!’’

तो तोच होता. ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा त्याचा स्वयंपाकाचा कार्यक्रम. आधी त्यात तो मेटलवाल्या मंडळींना बोलावून खायला घालायचा, पुढे किटोकडे वळला. म्हणजे ज्या माणसाचा आवाज ऐकून आमच्या फळीवरचा डबा पडला, त्याच माणसाच्या सांगण्यावरून त्या डब्यात तांदूळ नव्हता. सौ.नी ताबडतोब पक्ष बदलला. ‘‘पोटात अन्न नसलं की माणूस ओरडणारच,’’ असा निष्कर्ष काढून त्या आत गेल्या.

इथवर सगळे खेळीमेळीचे होते. खरी गोष्ट त्याच्यापुढे आहे. चिरंजिवांनी एवढे प्रेमाने मला शिकवले त्यामागे हेतू होता. जेवताना त्याने तो मांडला. एक, मुंबईला असल्या संगीताचा कार्यक्रम आहे, जायचे आहे. दोन, बी. कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षेला बसायचे नाही, ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घ्यायचे आहे.

पहिल्या मागणीला मी ‘बघू’ म्हणालो. दुसरीला उठून हात धुतले.

‘‘पप्पा, तो साहिल मखिजा तुमच्याच पिढीचा आहे,’’ तो मागून म्हणाला. ‘‘२००० साली त्यानं बँड काढला, पहिला अल्बम काढला. तेव्हा असलं काही ऐकणारे आपल्याकडे होते किती? पुढे दहा वर्षांनी, २०१० साली, लंडनच्या ‘मेटल हॅमर’वाल्यांनी त्यांना ‘ग्लोबल मेटल’चं अवॉर्ड दिलं. तुम्ही २००० साली काय करत होतात?’’

‘‘बी. कॉम.,’’ मी म्हणालो. उत्तर खरे होते, लेखापरीक्षकालाही चालले असते.

पण घरात मातोश्री होत्या. ‘‘खोटं बोलतुया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या साली ह्यो पेटी वाजवायचा. चार टारगट मिळून गिरनीच्या माडीवर रातभर धिंगाना. क्यासेट बी भरली व्हती. मंग बँकेचा कागद आला आन् पेटी इकून टाकली.’’

विकली नव्हती. भावकीतल्या भजनी मंडळाला दिली होती. पण मातोश्रींच्या हिशेबात ज्याची पावती नाही ते विकलेच.

तर ते असे. २००० साली आम्ही चौघे. मी पेटी, एक ढोलकी, एक कॅसिओ, आणि एक जण फक्त त्याच्या काकाची गिरणी होती म्हणून. त्या गिरणीच्या माडीवर आम्ही स्वतः केलेली तीन गाणी साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरली. मोठे होऊन काय करायचे याबद्दल आमच्या बऱ्याच योजना होत्या. मग एकेकाला पत्रे येत गेली. मला बँकेचे आले. कॅसेट विम्याच्या कागदांबरोबर ट्रंकेत गेली, आणि विम्याचे हप्ते मी वेळच्या वेळी भरले.

त्या रात्री, शेजारती झाल्यावर, चिरंजिवांनी ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा जुना टेपरेकॉर्डर आणला, त्यातून एक वायर काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. कानाला ते मोठे झाकणासारखे यंत्र लावले आणि डोळे मिटून ऐकायला बसला. मी समोर पेपर धरून बसलो. पेपर उलटा होता, असे सौ. नंतर म्हणाल्या. पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज मी नामंजूर होताना पाहिले; अर्जदाराला त्या वेळी कसे वाटत असेल याचा विचार करायचे राहूनच गेले होते.

तिन्ही गाणी संपेपर्यंत तो बोलला नाही. मग यंत्र काढून म्हणाला, ‘‘पप्पा, प्रॉडक्शन एकदम रॉ आहे.’’

मला त्या वाक्याचा अर्थ आता ठाऊक होता. मी पेपर खाली ठेवला.

‘‘पेटी मागे पडलीये, ती पुढे आणता येईल. पण ड्रमर जबरदस्त आहे हो. दुसऱ्या गाण्यात तो जो सलग ब्लास्ट बीट चालवलाय, न थांबता, सहा मिनिटं! कोण होता?’’

‘‘ती गिरणी आहे,’’ मी म्हणालो. ‘‘बाजरी दळत होती.’’

बराच वेळ आम्ही दोघेही हसत होतो. मातोश्रींनी आतून विचारले, ‘‘आता कोनता अवतार?’’

मुंबईच्या तिकिटाचे पैसे मी दिले. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म अजून टेबलावर आहे; तो भरायची मुदत संपायला वेळ आहे आणि या बाबतीत आम्ही दोघेही सध्या एकमेकांशी फार सभ्यपणे वागतो. दरम्यान चिरंजिवांनी त्या कॅसेटमधली पेटी पुढे आणायचे काम हाती घेतले आहे. रात्री दोन-दोनपर्यंत बसतो. गिरणीला मात्र हात लावू नकोस, असे मी त्याला बजावून ठेवले आहे.